टरफले कोणी उचलावीत?

ऑगस्ट महिन्याची पहिली तारीख उजाडली की महाराष्ट्रातील शाळाशाळांतून एक गोष्ट न चुकता सांगितली जाते. वर्गात भुईमुगाच्या शेंगांची टरफले पडलेली असतात, मास्तर ‘कोणी खाल्ल्या?’ म्हणून दरडावून विचारतात, कोणी कबूल होत नाही, तेव्हा मास्तर सगळ्या वर्गाला शिक्षा फर्मावतात, आणि बाळ नावाचा एक विद्यार्थी उठून, ज्याअर्थी आपण शेंगा खाल्लेल्या नाहीत त्याअर्थी आपण टरफलेही उचलणार नाही, असे निक्षून सांगतो. सांगणाऱ्यागणिक तपशील थोडाफार पालटतो. कोणाच्या गोष्टीत मास्तर छडी उगारतात, कोणाच्या गोष्टीत ते नुसती टरफले गोळा करावयास सांगतात, तर कोणाच्या गोष्टीत बाळ दप्तर उचलून सरळ घरची वाट धरतो. लोकमान्य टिळकांच्या चरित्राचा चिकित्सक अभ्यासक या आख्यायिकेला कितपत प्रमाण मानील हा प्रश्न निराळा. परंतु काहींच्या अपराधासाठी सर्वांना शिक्षा करावी की करू नये, या विषयावर मराठी मुलाच्या कानी पडणारा पहिला आणि पुष्कळदा शेवटचा विचार म्हणजे ही गोष्ट, एवढे मात्र निर्विवाद आहे.

मीही लहानपणी ती गोष्ट वक्तृत्वस्पर्धेत हातवारे करून सांगितली होती आणि तिच्याबद्दल शिसपेन्सिलींचे एक बंडल बक्षीस मिळवले होते. त्याच आठवड्यात आमच्या वर्गातील कोण्या कलावंताने फळ्यावर गणिताच्या मास्तरांचे, पोटाचा घेर यथाप्रमाण वाढवून, चित्र काढले, आणि पन्नास-बावन्न मुले मधली सुट्टी संपेपर्यंत अंगठे धरून उभी राहिली. ‘मी चित्र काढले नाही, मी अंगठे धरणार नाही’ असे म्हणण्याचे धैर्य त्या पन्नास-बावन्नांत कोणाला झाले नाही, आणि पेन्सिलींचे बंडल दप्तरात असलेल्या मला तर मुळीच झाले नाही. चित्र कोणी काढले हे मात्र आम्हां निदान दहा-बारा जणांना पक्के ठाऊक होते. या शेवटच्या वाक्यातच आपल्या प्रश्नाची सारी गुंतागुंत साठवलेली आहे. कारण ज्याला ठाऊक होते तो, ज्याला ठाऊक नव्हते तो, आणि ज्याने चित्र काढले तो, हे तिघेही शेजारी शेजारी ओणवे उभे होते आणि तिघांच्या मनांत निरनिराळे काहीतरी चालले होते.

ते काय चालते, याचा पद्धतशीर शोध घेणारा पहिला मोठा अभ्यासक म्हणजे स्वित्झर्लंडचा जाँ पियाजे. मुलांच्या नैतिक निर्णयशक्तीविषयीचा त्याचा ग्रंथ १९३२ साली प्रसिद्ध झाला. गोट्या खेळणाऱ्या पोरांजवळ बसून खेळाचे नियम विचारून घेण्याइतकी चिकाटी आणि विनय या विद्वानाच्या अंगी होता, आणि त्याच पद्धतीने त्याने मुलांना छोट्या छोट्या गोष्टी सांगून, अशा वेळी सगळ्यांना शिक्षा करणे बरोबर होईल का, असे विचारले. त्याने तीन परिस्थिती वेगळ्या काढल्या. पहिलीत, वडीलधारा मनुष्य अपराधी कोण याची चौकशीच न करता सरसकट सर्वांना शिक्षा करतो. दुसरीत, तो चौकशी करतो, मुलांना अपराधी ठाऊक असतो, पण अपराधी कबूल होत नाही आणि बाकीचे त्याचे नाव सांगत नाहीत. तिसरीत, चौकशी होते खरी, परंतु अपराधी कोण हे मुलांनाही खरोखरच माहीत नसते.

पहिल्या परिस्थितीतील सरसकट शिक्षा लहानमोठ्या कोणालाच फारशी पटली नाही. दुसरीच्या बाबतीत लहान मुले आणि मोठी मुले दोघेही शिक्षेला पुष्कळदा संमती देत, पण निरनिराळ्या कारणांनी, आणि पियाजेची सूक्ष्म दृष्टी येथेच दिसून येते. लहान मुलाच्या मते वडीलधाऱ्याला नाव सांगणे हे कर्तव्यच असल्यामुळे जो सांगत नाही तो स्वतःच कसूरदार, म्हणून प्रत्येकाला आपापल्या कसुरीची सजा. मोठ्या मुलाच्या मते सोबत्याचे नाव न सांगण्याचा निश्चय वर्गाने आपखुशीने केला, त्याच्याशी आपले दैव बांधून घेतले, तेव्हा त्याच्याबरोबर सोसणे ओघानेच आले. तिसऱ्या परिस्थितीत लहान मुले म्हणत की गुन्हा झाला त्याअर्थी शिक्षा ही झालीच पाहिजे, मग ती कोणाच्या का वाट्याला येईना. आणि मोठी मुले म्हणत की अपराधी सुटला तरी चालेल, परंतु निरपराध्याला शिक्षा होणे हा त्याहून मोठा अन्याय आहे. सुक्याबरोबर ओलेही जळावयाचेच, हा लहान मुलाचा न्याय. वय वाढते तसा त्याला तो अपुरा वाटू लागतो. यावरून एक गैरसोयीची गोष्ट निष्पन्न होते, ती अशी की बारा-तेरा वर्षांच्या वर्गासमोर जो शिक्षक ‘शिक्षा ही झालीच पाहिजे, मग कोणालाही होवो’ या तत्त्वावर उभा राहतो, तो न्यायबुद्धीच्या इयत्तेत आपल्याच विद्यार्थ्यांच्या खाली बसलेला असतो.

तथापि सामुदायिक जबाबदारीची कल्पना सर्वथैव रानटी आहे असे समजण्याचे कारण नाही. आपल्या मुलखात ती शतकानुशतके नांदत होती, आणि तिच्यापाठीमागे विचारही होता. गावात चोरी झाली की रामोशी किंवा जागल्या चोराचा माग काढीत निघे. पावलांचे ठसे, मोडलेली काटकी, ओलांडलेला बांध पाहत पाहत तो शिवेपर्यंत जाई, आणि माग शेजारच्या गावाच्या हद्दीत शिरल्याचे त्या गावच्या जागल्याच्या पदरात घालून मोकळा होई. पुढचा तपास त्या गावाने करावयाचा. अशा रीतीने ज्या पांढरीत माग अखेर जिरला, त्या पांढरीने चोरीच्या मालाची भरपाई करून द्यावी, असा रिवाज होता. पावले गावाबाहेर पडल्याचे दिसत नसेल तर गावच्या अधिपतीकडे दोष येतो, अशा आशयाचा निर्बंध याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायातही आहे, तेव्हा हा रिवाज पेशवाईत नव्याने निपजलेला नव्हे. पेशव्यांचा मुलूख इंग्रजांकडे आल्यानंतर एल्फिन्स्टन साहेबाने १८१९ साली जो अहवाल लिहिला त्यात या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन आहे. जागल्याची ऐपत असेल तेवढी भरपाई त्याच्याकडून, उरलेली सबंध गावाकडून, असा क्रम सांगून हा परदेशी अंमलदार प्रांजळपणे म्हणतो की ही वसुली उघड उघड अन्यायाची आहे, कारण चोरी रोखणे किंवा नुकसान सोसणे गावाच्या शक्तीबाहेरचे असू शकते. आणि लगेच अशीही नोंद करतो की संपूर्ण रकमेचा आग्रह क्वचितच धरला जाई, बहुधा थोडाबहुत दंड घेऊन भागवीत.

मागाच्या या पद्धतीकडे जरा निरखून पाहिले म्हणजे ती वर्गातील शिक्षेहून किती निराळी होती हे ध्यानात येते. रखवालीचे काम ज्याच्याकडे होते त्याला त्याबद्दल इनाम किंवा धान्याचा हक्क मिळत असे. म्हणजे जबाबदारी फुकटात लादलेली नव्हती. गाव लहान, येणारा-जाणारा प्रत्येक परका माणूस नजरेखालून जाणारा. म्हणजे जाणण्याचे साधन गावाच्या हाती होते. माग शिवेबाहेर काढून दाखवला की गावाची सुटका होई. म्हणजे निरपराधित्व सिद्ध करण्यास वाट ठेवलेली होती. आणि चौथी गोष्ट, जिला माझ्या मते सर्वांत अधिक महत्त्व आहे, ती ही की गावाकडून घेतली जाई ती भरपाई होती. चोराऐवजी साऱ्या गावाला कोणी फटके मारीत नसे. तिसऱ्या बाकावरच्या मुलाला रखवालीचे वतन कोणी दिलेले नाही; फळ्यावर चित्र निघत असताना तो नळावर पाणी पीत असेल; आणि ‘मी नळावर होतो’ ही त्याची कैफियत ऐकून घेण्याची तजवीज सरसकट शिक्षेत मुळी केलेलीच नसते.

इंग्रजी अमलात या जुन्या कल्पनेतील भरपाईचा अंश गळाला आणि दहशतीचा तेवढा उरला. १८६१ च्या पोलीस कायद्याच्या १५ व्या कलमाने अशांत प्रदेशात जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च तेथील रहिवाशांच्या माथी मारण्याची सोय करून ठेवली होती. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट या इंग्रज अंमलदारांवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा प्लेगने आणि प्लेगच्या बंदोबस्ताने आधीच गांजलेल्या पुणे शहरावर असेच शिक्षेचे पोलीस बसवण्यात आले आणि त्यांचा भुर्दंड पुणेकरांवर पडला. ज्याच्या नावावर टरफलांची गोष्ट सांगतात तो मनुष्य त्या वेळी त्याच शहरात ‘केसरी’ चालवीत होता, आणि त्या वर्षाच्या उत्तरार्धात राजद्रोहाच्या आरोपाखाली अठरा महिन्यांची सजा घेऊन तुरुंगात गेला. सरकारचा हिशेब आमच्या गणिताच्या मास्तरांच्या हिशेबाहून फारसा वेगळा नव्हता: सगळ्यांना त्रास झाला की कोणीतरी तोंड उघडील. प्रत्यक्षात तोंड उघडले ते शहरावरील भुर्दंडाने नव्हे, तर वीस हजार रुपयांच्या बक्षिसाने. द्रविड बंधूंनी दिलेल्या खबरीवरून गोळ्या झाडणारे दामोदर चाफेकर पकडले गेले, १८९८ च्या एप्रिलात फाशी गेले, आणि पुढच्याच वर्षी चाफेकरांच्या धाकट्या भावाने आणि सोबत्यांनी त्या द्रविडांचाच खून केला. शहराच्या राजकारणाची आणि शाळेच्या वर्गाची तुलना ताणू नये हे मी जाणतो. पण चहाडी करावयास भाग पाडलेल्या समाजात चहाडी करणाराचे पुढे काय होते, हे पाहावयाचे असेल तर पुण्याच्या इतिहासातील ही दोन वर्षे उपयोगी पडतात. वर्गात खून पडत नाहीत, पण शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर काय घडते ते प्रत्येकाला ठाऊक आहे.

हाच धागा पुढे कोठवर गेला ते थोडक्यात सांगून टाकतो. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने माणसाच्या कृत्यावरून नव्हे तर जन्मावरून त्याला गुन्हेगार ठरवले. पुढे सोलापूरसारख्या ठिकाणी सेटलमेंटच्या तारांमागे पिढ्याच्या पिढ्या हजेरी देत राहिल्या, आणि तो कायदा देशभर रद्द व्हावयास १९५२ साल उजाडावे लागले. १९४२ च्या चळवळीत खास वटहुकूम काढून गावेच्या गावे सामुदायिक दंडाखाली घालण्यात आली. जगात इतरत्र दुसऱ्या महायुद्धात एका गोळीचा सूड सबंध वस्तीवर उगवला गेल्याची उदाहरणे इतकी साचली की १९४९ च्या चौथ्या जिनीव्हा कराराच्या ३३ व्या कलमात, जो अपराध मनुष्याने स्वतः केलेला नाही त्याबद्दल त्याला शिक्षा करता येणार नाही आणि सामुदायिक शिक्षा निषिद्ध आहेत, असे स्वच्छ लिहावे लागले. हा करार युद्धकाळातील नागरिकांसाठी आहे, सातवी ‘ब’साठी नव्हे. तरीसुद्धा जिंकलेल्या मुलखातील परक्या रयतेला जे अभय कागदावर मिळाले आहे ते आपल्या शाळेतील मुलाला तितक्याच स्पष्ट शब्दांत मिळालेले नाही, ही गोष्ट नजरेआड करण्यासारखी नाही. आपल्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे १७ वे कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई करते. त्यामुळे अंगठे धरणे, कोंबडा करणे, उन्हात उभे करणे हे प्रकार, एकाला केले काय आणि पन्नासांना केले काय, बेकायदाच ठरतात. पण खेळाचा तास रद्द करणे, सहल बंद करणे, सगळ्यांना शंभर वेळा एकच वाक्य लिहावयास लावणे, अशा सौम्य सामुदायिक शिक्षांविषयी ते कलम वेगळे काही बोलत नाही.

प्रौढांच्या फौजदारी कायद्यानेही टोळीला एकत्र जबाबदार धरण्याची सोय केलेली आहेच, असे येथे कोणी म्हणेल. खरे आहे, १८६० च्या दंडसंहितेचे १४९ वे कलम, आणि आता तिच्या जागी आलेल्या नव्या संहितेतील तशीच तरतूद, पाच किंवा अधिक माणसांच्या बेकायदा जमावातील प्रत्येकाला जमावाच्या कृत्याबद्दल दोषी धरते. परंतु त्यासाठी त्यांचे उद्दिष्ट समान असावे लागते. नुसती त्या जागी उपस्थिती पुरेशी नाही, असे न्यायालये वारंवार बजावत आली आहेत. शाळेत मात्र हजेरीपटावर ‘हजर’ अशी खूण असणे हाच पुष्कळदा संपूर्ण साक्षीपुरावा असतो.

आता शिक्षकाची बाजू. ती न ऐकता निकाल देणे हाही एका परीने सरसकट शिक्षेचाच प्रकार होईल. पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास, समोर साठ मुले, मागच्या बाकांवरून येणारा मांजराचा आवाज, वर्षाअखेर पुरा करावयाचा अभ्यासक्रम, आणि चौकशी करू लागलो तर तासाचा बोजवारा उडणार ही खात्री; अशा स्थितीत ‘सगळे उभे राहा’ हा हुकूम तोंडातून निघून जातो, तो दुष्टपणाने नव्हे, थकव्याने. शिवाय वर्ग हा नुसता पन्नास सुट्या मुलांचा ढीग नसतो, त्याला समूह म्हणून एक स्वभाव असतो, आणि मांजराचा आवाज काढणाऱ्याला हसून दाद देणाऱ्यांचाही त्या आवाजात वाटा असतो, हे शिक्षकाचे म्हणणे मुळीच पोकळ नाही. या समूहभावनेचा शिक्षणासाठी उपयोग करून घेण्याचे गंभीर प्रयत्नही झाले आहेत. क्रांतीनंतरच्या सोव्हिएत अमलात, युक्रेनमध्ये, अनाथ आणि उनाड मुलांची वसाहत १९२० पासून चालवणारा आंतोन माकारेंको एकेका मुलाशी न बोलता त्याच्या तुकडीशी बोले, जाब तुकडीला विचारी, आणि तुकडीने आपल्या माणसाला सांभाळावे अशी अपेक्षा ठेवी. मात्र ती मुले एकत्र राहत, एकत्र राबत, आपला नायक ठेवीत आणि सभा भरवून निर्णय घेत. जबाबदारीच्या मागोमाग अधिकारही त्यांच्या हाती आलेला होता.

दुसरा प्रयत्न अमेरिकेतील कॅन्ससचा. १९६९ साली तेथील तीन संशोधकांनी चौथीच्या एका दंगेखोर वर्गाचे दोन संघ पाडून एक खेळ सुरू केला: कोणी विनापरवानगी जागा सोडली किंवा मध्येच बोलले की त्याच्या संघाच्या नावाखाली फळ्यावर एक खूण, ज्या संघाच्या खुणा कमी त्याला जेवणाच्या रांगेत आधी जाणे, दिवसाच्या शेवटी आवडीच्या कामाला थोडा मोकळा वेळ, अशा लहानसहान सवलती, आणि दोन्ही संघांच्या खुणा ठरावीक मर्यादेच्या आत राहिल्या तर दोघेही विजयी. दंगा झपाट्याने खाली आला, आणि हा खेळ पुढे अनेक ठिकाणी वापरला गेला. एकाच्या चुकीचे फळ सगळ्या संघाला भोगावे लागते, तेव्हा ही सामुदायिक शिक्षाच नव्हे काय? नाव तसे देता येईल. पण नियम आधी सांगितलेला होता, खूण घटना घडताक्षणी सर्वांसमक्ष पडत होती, कोणी केले हे उघड दिसत होते, आणि गमवावयाची ती सवलत होती, प्रतिष्ठा नव्हे. येथे शिक्षकाला अपराधी ठाऊक नाही म्हणून समूह धरला गेलेला नाही. आणि इतके करूनही, मुद्दाम संघाला हरवण्यातच ज्यांना मौज वाटे अशा पोरांना संघातून वेगळे काढावे लागले. नाहीतर चांगल्या वागणाऱ्यांनी चांगले वागण्याचे कारणच उरले नसते.

सरसकट शिक्षेतील खरा बिघाड माझ्या मते येथे आहे. शिक्षा या गोष्टीत वागणूक आणि तिचे फळ यांचा सांधा असतो. तू असे वागलास म्हणून तुला हे, तसे वागला असतास तर ते टळले असते. निरपराध मुलाच्या बाबतीत हा सांधाच निखळतो. तो नीट वागला तरी उभा राहतो, वाईट वागला तरी उभाच राहतो, आणि दोन-चार वेळा उभा राहिल्यावर, निदान पुढच्या खेपेला चित्र आपणच काढावे, मास्तरांचे नाक अधिक हुबेहूब जमेल, असा व्यवहारी विचार त्याच्या मनात येऊ लागतो. ज्याने अपराध केला त्याचे म्हणावे तर त्याच्या वाट्याची शरम पन्नास ठिकाणी वाटली गेल्यामुळे त्याला हलकीच होऊन मिळते. म्हणजे ज्याला लागावयास हवे त्याला कमी आणि ज्याला लागावयास नको त्याला जास्त, अशी ही वाटणी. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यातही निदान एक संन्यासी पुरतो.

मग टरफलांचे करावयाचे काय? गोष्टीतील जो भाग आपण मुलांना कधीच विचार करावयास देत नाही तो हा. टरफले उचलणे ही काही स्वभावतः शिक्षा नव्हे. वर्ग सर्वांचा आहे, कचरा पडला आहे, कोणी टाकला ते कळत नाही, चला दोन मिनिटांत उचलून टाकू, असे म्हणून मास्तर स्वतः खाली वाकले असते तर तीच टरफले, तेच हात, आणि तरीही कोणाच्या मनात अन्यायाची बोच राहिली नसती. जुन्या पांढरीने चोरीच्या मालाची भरपाई करावी, त्यातलाच हा प्रकार झाला असता. पण मास्तरांच्या एका हातात छडी असते, प्रश्न ‘कोणी खाल्ल्या?’ हा असतो, आणि त्याचे उत्तर न मिळाल्याचा राग उचलण्याच्या हुकुमात उतरलेला असतो. मग उचलणे म्हणजे कबुली ठरते. ज्याने खाल्ल्या नाहीत त्याला कबुली देता येत नाही, आणि बाळने नकार दिला तो केराला नव्हे, या कबुलीला.

गंमत अशी की इतक्या वर्षांत इतक्या वक्त्यांच्या तोंडून ही गोष्ट ऐकली, मी स्वतःही सांगितली, पण बाळ बाणेदारपणे बोलून चुकल्यावर ती टरफले अखेर कोणी उचलली, हे कोणीच सांगत नाही. बहुधा शाळा सुटल्यावर शिपायाने उचलली असावीत. त्याने तर शेंगाही खाल्ल्या नव्हत्या, आणि तो त्या वर्गातही नव्हता.